कृपा म्हणजे थकबाकीमाफी नव्हे

महोदय,

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकाचे पत्र आले होते. ख्रिस्ती लोकांचे बरे, आठवडाभर हवे ते करायचे, फादरच्या कानात सांगायचे, की पाटी कोरी. थकबाकीदाराचे वीजबिल माफ आणि वेळेवर भरणारा मूर्ख, तसलाच हा देवाचा कारभार, असा त्यांचा सूर. ‘करावे तसे भरावे’ म्हणत त्यांनी पत्र संपवले. मला राग आला नाही. आमच्यातलेही कितीतरी जण असेच समजून कुमसाराला जातात. (कुमसार म्हणजे आमची पापांची कबुली.) बरीच वर्षे मीही त्यातलाच.

पण हा आक्षेप पत्रलेखकांच्या आधी खुद्द पौलानेच, म्हणजे ख्रिस्ताच्या प्रेषितानेच, घेऊन ठेवला आहे. इ. स. 57 च्या सुमारास त्याने रोमच्या मंडळीला पत्र लिहिले. त्याच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो विचारतो, कृपा वाढावी म्हणून आपण पाप करीतच राहायचे की काय? आणि लगेच उत्तर देतो, मुळीच नाही. पुढे म्हणतो, पापाची तुमच्यावर सत्ता चालणार नाही, कारण तुम्ही आता कृपेच्या अधीन आहात. शब्द ‘सत्ता’ आहे, हे लक्षात घ्यावे. पौल पापाला उधारीची वही समजत नाही, धनी समजतो. वहीतली बाकी खोडली तरी धनी जागच्या जागी राहतो.

गोव्याच्या माणसाला हे कळायला ग्रीक शिकायला नको, मुंडकार कोण ते ठाऊक असले की पुरे. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा माणूस. माझे वडील डिचोली तालुक्यात एका भाटकाराचे मुंडकार होते. वडिलांना आम्ही कोकणीत ‘पाय’ म्हणायचो. मराठी शाळेत मास्तरांपुढे हा शब्द काढला की वर्ग हसायचा. घर भाटकाराच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, म्हणून मागच्या दारातून हाक आली की हातातली पेज तशीच ठेवून पाय निघायचे. नारळ गोळा करायचे, कुंपण घालायचे, लग्नकार्यात लाकडे फोडायची. ‘नाही’ म्हटले तर घर जाईल, या एका भीतीवर सगळे चालले होते.

1975 साली मुंडकार कायदा आला. मुंडकाराला आता घरातून हुसकावता येईना. 1978 मध्ये मामलेदाराकडे आमची नोंद झाली. मी तेव्हा चौदा वर्षांचा. पायना वाचता येत नव्हते. आपले नाव कागदावर कुठे आहे ते त्यांनी मला बोटाने दाखवायला लावले, मग स्वतःचे बोट त्यावर ठेवून पाहिले. मायने तो कागद आमच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांबरोबर पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाटात पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, आले. मी उठून पाहतो तर पाय नारळांची पाटी घेऊन माडाखाली उभे. कुणी हाक मारली नव्हती. माय दारातून ओरडली, “अहो, आता कशाला?” ते काहीतरी पुटपुटले आणि नारळ गोळा करू लागले. असे दोन पावसाळे चालले. धन्याची सत्ता कायद्याने गेली होती, अंगातली सवय मागे राहिली होती. पापातून सुटलेला माणूस पुन्हा तिकडेच का वळतो, याचे उत्तर मला कुठल्याही प्रवचनापेक्षा त्या पाटीत जास्त सापडते.

उपमा एका जागी लंगडी पडते, तेही सांगतो. मुंडकाराचा तो हक्क होता, कितीतरी लोकांनी भांडून मिळवलेला. कृपेवर कुणाचाच हक्क नाही, ती फुकट मिळते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने 1547 साली हेच सांगितले, की सुरुवात देवाच्या कृपेने होते आणि ती कुणी आपल्या कर्तबगारीने कमावत नाही. ज्या ल्यूथरपंथीयांशी तेव्हा फाटले, त्यांच्याबरोबर 1999 मध्ये ऑग्सबर्गला या मुद्द्यावर कॅथलिक चर्चने संयुक्त जाहीरनाम्यावर सह्याही केल्या.

‘हे सारे परकीय’ असेही पत्रलेखकांनी सुचवले आहे. त्यांना एवढीच आठवण करून देतो, की फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांत बांधली आणि ती 1616 साली इथेच गोव्यात, रायतूरला छापली गेली. इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाचा, उल्लेख पत्रलेखकांनी केला तो योग्यच आहे. त्या जुलमाला माझ्याकडे कसलाही बचाव नाही.

आता कोऱ्या पाटीबद्दल. शिक्षक असताना, 1994 मध्ये, मी शाळेच्या सहलीच्या पैशांतले 340 रुपये घरखर्चाला वापरले आणि हिशेब जुळवून ठेवला. कोरेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, कुमसाराला बसलो, सगळे सांगितले. मला वाटले होते, मारियेची प्रार्थना, ‘नमो मारिये’, दहा वेळा म्हणायला लावतील आणि सुटलो. फादरनी विचारले, “पैसे कधी परत करतोस?” मी म्हटले, बघतो. ते म्हणाले, “बघतो नको, वार सांग.” सोमवार सांगितला, तेव्हा त्यांनी पापक्षमेचे शब्द उच्चारले. त्या सोमवारी मुख्याध्यापकांच्या टेबलावर नोटा ठेवताना हात कापत होता, पण रविवारी रात्री मी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो होतो. पत्रलेखकांनी ‘भरावे’ म्हटले; मीही भरलेच की. फक्त आधी क्षमा कबूल झाली होती, म्हणून भरायची हिंमत झाली.

पायचे म्हणाल तर तिसऱ्या पावसाळ्यात एकदा भाटकाराची हाक आली. पायनी पेज संपवली, वाडगा धुतला, पालथा घातला आणि मला म्हणाले, “सांग त्यांका, आज म्हाका म्हजें काम आसा.” पुढे कित्येक वर्षांनी भाटकार वारले, तेव्हा आमच्या वस्तीतून सगळ्यांत आधी पायच गेले, कुणी बोलावले नसताना. रात्रभर तिथेच बसले, सकाळी खांदा दिला. आयुष्यभर मागच्या दाराने अनवाणी गेलेला माणूस त्या रात्री पायात चपला घालून पुढच्या बाल्कांवच्या, दर्शनी ओसरीच्या, पायऱ्या चढला.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, डिचोली