कोर्दोबाच्या कमानी

रविवारच्या पुरवणीतील स्पेनमधल्या कोर्दोबा शहरावरील प्रवासलेख आवडला; मात्र तेथील जुन्या मशिदीच्या लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी केवळ शोभेसाठी आहेत, हे लेखकाचे म्हणणे पटले नाही.

तिथला अमीर (मुस्लिम शासक) पहिल्या अब्द अल-रहमानने 785च्या सुमारास मशिदीचे बांधकाम काढले, तेव्हा हाताशी होते ते बहुतांशी रोमन आणि व्हिसिगॉथ (मुस्लिमांआधी स्पेनवर राज्य करणारे जर्मन वंशाचे लोक) इमारतींतून काढलेले खांब. ते आखूड, शिवाय एका मापाचेही नव्हते. त्यांच्यावर थेट छत टेकवले असते, तर एवढे विस्तीर्ण दालन बुटके आणि अंधारे झाले असते. म्हणून कारागिरांनी खांबांच्या डोक्यावर चौकोनी दगडी स्तंभ चढवून कमानीवर कमान रचली. खालची कमान खांबांना एकमेकांशी जखडून ठेवते, वरची छताचा भार पेलते. पट्टेदेखील मुळात रंगवलेले नाहीत. वीट आणि दगड आलटून-पालटून बसवल्याने ते उमटले आहेत. 987 पासून तिथला मुख्य प्रधान अल-मन्सूरने वाढवलेल्या पूर्वेकडच्या भागात मात्र कमानी पूर्ण दगडी असून लाल पट्टे नुसते रंगवलेले आहेत. शोभेचा आरोप करायचाच, तर तो तिथे शोभेल!

लेखात खाद्यपदार्थांना दोन परिच्छेद मिळाले आहेत. या युक्तीला चार ओळी द्यायला हरकत नव्हती.

– एक वाचक, ठाणे