कीबोर्डवाल्या दादांचे जाहीर आभार

दादानू,

ऑर्केस्ट्रात आणि भजनाला कीबोर्ड वाजवणाऱ्याचा फोटो एडिटिंगशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण मिडी ही वाद्यं आणि संगणक यांच्यातली 1983 पासूनची भाषा तुमच्या रोजच्या वापरातली. तिचा हिशोब तुम्ही नीट समजावलात, म्हणून आमच्या स्टुडिओत लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचे स्लायडर आता माउसने ओढावे लागत नाहीत, मिडी उपकरणाच्या आठ नॉबवर फिरतात. लग्नसराईत याचं मोल काय, ते एडिटिंगला बसणाऱ्यालाच कळतं.

सगळ्यात मोठा उपकार 127 या आकड्याचा. साधा नॉब 0 ते 127 एवढेच आकडे पाठवतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, -5 ते +5 स्टॉप, म्हणजे एका घराला (आकडा एकने बदलला की) जवळजवळ 0.08 स्टॉप, ते चालून जातं. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइलचं रंगाचं टेम्परेचर मात्र 2000 ते 50000 केल्विन, म्हणजे एका घराला सुमारे 380. एवढ्या उडीत हळदीचा पिवळा नेमका सापडणारच नाही. तुमच्या सांगण्यावरून, उपकरण लाइटरूमला जोडणाऱ्या मिडीटूएलआर या मोफत प्लगइनमध्ये हद्द 2500 ते 8500 केली आणि एक घर 47 केल्विनवर आलं. मांडवातल्या पिवळ्या बल्बपासून आभाळाखालच्या सावलीपर्यंत सगळं त्यात बसतं.

क्षितिजाचं काम याहून नाजूक. क्रॉपचा कोन -45 ते +45 अंश, एका घराला 0.7. तारकर्लीच्या फोटोत समुद्र अर्धा अंश कलला तरी डोळ्याला खुपतो. तिथे कुठेही न अडता गोल फिरत राहणारा नॉब, म्हणजे एन्कोडर हवा आणि तो रिलेटिव्ह पद्धतीवर हवा, म्हणजे तो स्वतःची जागा न कळवता फक्त ‘एक घर उजवीकडे’ एवढंच कळवतो. ही पद्धत उपकरणात एक आणि प्लगइनमध्ये दुसरी राहिली, तर डावीकडे जरासं फिरवताच स्लायडर भलतीकडे पळतो. नॉब बिघडला म्हणून बदलण्याआधी हे तपासा, हा तुमचा सल्ला फार पैसे वाचवणारा आहे. अडणारे नॉबच असतील तर पिकअप मोड चालू ठेवायचा, म्हणजे नॉब स्लायडरच्या जागेशी जुळेपर्यंत स्लायडर हलत नाही. नाहीतर पुढचा फोटो उघडून नॉबला हात लावताच मागच्या फोटोची जागा त्याला चिकटते.

मांडणीही तुमचीच: डावा हात नॉबवर, उजवा माउसवर. टेम्परेचर, टिंट, एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट, हायलाइट्स, शॅडोज, व्हाइट्स, ब्लॅक्स, स्क्रीनवरच्याच क्रमाने. नॉब दाबला की तेवढाच स्लायडर मूळ जागेवर. ‘पुढचा फोटो’ आणि ‘रिजेक्ट’ ही बटणं शेजारी नकोत, घाईत बोट चुकतं. डिहेझ, टेक्स्चर आणि क्रॉपचा कोन दुसऱ्या लेअरवर, म्हणजे त्याच नॉबना दिलेल्या दुसऱ्या कामांच्या संचात.

नॉब फिरवूनही चित्र मागे रेंगाळत असेल तर दोष बहुधा उपकरणाचा नसतो. स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे फोटोच्या हलक्या प्रती बनवून परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये मूळ फाइलऐवजी तेच वापरायला सांगायचं. आणि उपकरण दिसतच नसेल तर संगीताचं एखादं सॉफ्टवेअर उघडं आहे का ते पाहायचं. विंडोजवर बऱ्याचदा मिडी पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. ही गोष्ट फोटोवाल्याला सुचलीच नसती.

शेवटी खाऱ्या हवेबद्दल. अडणाऱ्या नॉबच्या आतली कार्बनची पट्टी खराब झाली की हात न लावताही आकडा थरथरतो आणि हिस्टरी, म्हणजे केलेल्या बदलांची यादी, नको त्या नोंदींनी भरते. त्यावर कॉन्टॅक्ट क्लीनरच मारायचा. तेलकट स्प्रे नाही, त्यावर धूळ बसते. काम झालं की उपकरण झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह. पावसाळ्यात पुड्या वरचेवर बदलायच्या.

सगळी सेटिंग्ज असलेली प्रोफाइल फाइल तुमच्यासाठी पेनड्राइव्हवर काढून ठेवली आहे. सीझन संपला की सवडीने या.

आपले आभारी,
स्टुडिओतले सगळे, कुडाळ