पाळणाघराच्या हिशेबात बापही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरदार महिलांच्या पाळणाघरांबद्दल आपल्या पुरवणीत वरचेवर लिहून येतं. ते मी आवर्जून वाचतो, कारण तो विषय माझाही आहे. मी एका औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला कंत्राटी कामगार आहे आणि माझ्या चार वर्षांच्या मुलीचं सगळं मी एकटा बघतो. बायको आजारपणात गेली. गावी आई आहे, पण तिचे गुडघे गेलेत आणि वडिलांचं अंथरूण तिलाच बघावं लागतं. तेव्हा 'आईला इकडे आणा की' हा सल्ला देऊ नये, तो मला कँटीनमध्ये रोज फुकट मिळतो.

हातात तेरा-चौदा हजार पडतात, ओव्हरटाइम लागला तर थोडे वर. खोलीभाडं, रेशन, लाईटबिल आणि बसपास गेल्यावर काय उरतं ते सांगायला नको. आमच्या भागात बऱ्यापैकी म्हणावं असं पाळणाघर पूर्ण दिवसाचे पाच हजार घेतं. वर डिपॉझिट, आणि ठरल्या वेळेनंतर न्यायला आलात तर दर अर्ध्या तासाला लेट फी. पैशांचं एकवेळ उसनंपासनं करून जमवलं असतं, पण वेळेचं जमवता येत नाही. माझी पाळी सातला सुरू होते. पावणेसातपर्यंत मशीनवर अंगठा लागला नाही तर अर्धा खाडा पडतो. पाळणाघर उघडतं साडेआठला, कारण तिथे मुलं ठेवणारे आईबाप दहाला ऑफिसात जातात. म्हणजे सोय केली आहे ती ऑफिसवाल्यांच्या घड्याळावर, आणि ज्यांना तिची जास्त गरज आहे ते तोवर दीड तास मशीनवर उभे असतात.

तरी मी विचारायला गेलो होतो. एका ठिकाणी बाईंनी फॉर्म पुढे केला आणि परत ओढून घेतला. म्हणाल्या, मुलीच्या आईला पाठवा. आई नाही म्हटल्यावर, मग आत्या, मावशी, कोणी बाईमाणूस? तेही नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मुलगी रात्री कोणाजवळ झोपते?" मी सांगितलं, माझ्याजवळ. पुढे त्या काही बोलल्या नाहीत. जागा भरल्यात, कळवू, एवढंच म्हणाल्या. त्यांना मी दोष देत नाही. मुली सांभाळायच्या म्हणजे जोखीम असते आणि आजकाल काय काय ऐकायला येतं ते मीही ऐकतो. पण हाच प्रश्न एकट्या आईला कोणी विचारत नाही, आणि एकट्या बापाला मात्र दारातच साक्षीदार मागतात.

सध्या मुलगी सकाळी सहा ते दहा आमच्या चाळीतल्या एका मावशींकडे असते. मग मावशीच तिला अंगणवाडीत पोचवतात, दोनला परत आणतात आणि मी साडेचारच्या सुमारास घेऊन जातो. याचे महिना अडीच हजार. मावशी प्रेमळ आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीत आठ मुलं असतात. पोरं बाहेर धावू नयेत म्हणून दारात आडवी फळी लावलेली, आणि गॅस त्याच खोलीत. टीव्ही सकाळपासून चालू. मुलगी घरी आली की कविता म्हणत नाही, पाइपांच्या आणि पानमसाल्याच्या जाहिराती म्हणते, त्याही चालीसकट. मावशींना ताप आला त्या आठवड्यात मी खाडे केले. तेव्हा सुपरवायझरने विचारलं, घरी कोणी बाई नाही का? हे तो माणूस विचारतो ज्याने माझ्या बायकोच्या औषधांसाठी वर्गणी काढली होती. सवयीने विचारलं, दुसरं काय.

आणखी एक गोष्ट, जी पाळणाघरावर लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नसावी. आमच्याकडे मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. मुलीला ताप भरला, पडली, दाराच्या फटीत बोट सापडलं, तरी मला पाळी सुटेपर्यंत कळणार नाही. मी मावशींना सिक्युरिटी केबिनचा नंबर लिहून दिलाय आणि गेटवरच्या दादांना हात जोडून ठेवलेत. ज्या दिवशी दादांची ड्यूटी नसते त्या दिवशी माझं अर्धं लक्ष गेटकडे.

आता कायद्याचं. आमच्या इथल्या युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्याने मला हे बसून समजावलं, नाहीतर मला कुठून कळणार होतं. १९४८च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती होती, पण ती जिथे ३०हून अधिक स्त्री कामगार असतील तिथे, आणि त्या स्त्रियांच्याच सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. १९९६च्या बांधकाम कामगारांच्या कायद्यातही मुलांसाठी खोली होती, पण साइटवर ५०हून अधिक बायका असतील तर. रोजगार हमीच्या २००५च्या कायद्याने कामावर आलेल्या बायकांसोबत सहाच्या आतली पाच मुलं असली की त्यातल्याच एका बाईला सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची असं ठरवलं. निदान तिथे मुलं मोजली. बाकी सगळीकडे मोजायच्या त्या बायका.

आमच्या कारखान्यात दोन-तीनशे पुरुष आहेत. त्यांची लहान मुलं किती, हे कोणत्याच रजिस्टरला माहीत नाही.

माझी तक्रार बायकांना मिळतं याची नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण असं काही छापून आलं की लगेच फाटे फुटतात. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आईला वेळ द्यायलाच पाहिजे. पण पाळणाघराचा खर्च बायकांच्या संख्येवर बांधल्याने बायकांचाच तोटा होतो. जुन्या कायद्याप्रमाणे तीस ओलांडली की खोली, आया, दूध, सगळं आलं. मालक काय करेल? तिसाव्या बाईनंतर हात आखडता घेईल. बाई कामावर घेणं त्याला महाग पडतं, तेच काम करणारा बाप स्वस्त पडतो, कारण त्याला पोरं आहेत असं त्या कायद्यालाच वाटत नाही. बापांना मोजायला सुरुवात करा, ही पळवाट आपोआप बंद होईल. मग पाळणाघर हा बाई ठेवल्याचा दंड राहणार नाही.

हे सरकारला पटत नाही असंही नाही. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तिथे पन्नासमध्ये बाई-पुरुष असा भेद नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, म्हणजे नव्या कामगार कायद्यातही, ते कायम आहे. मात्र दिवसातून चार वेळा मुलाला भेटून यायची मुभा त्यात स्त्रीलाच आहे. माझ्यासारख्याला चार वेळा नको, एकदा फोन घ्यायची मुभा दिली तरी चालेल. स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर राज्य सरकारने २०१८ मध्येच मोठं मन दाखवलं. महिलांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, आणि ज्याची पत्नी हयात नाही अशा पुरुष कर्मचाऱ्यालाही दिली. म्हणजे एकटा बाप असतो आणि त्याच्या मागे मूल असतं हे मंत्रालयाला ठाऊक आहे. ते मंत्रालयातून आमच्या वसाहतीपर्यंत यायला आणखी किती वर्षं?

पन्नासचा आकडा वाचून पहिल्यांदा मी खूश झालो होतो. पण आमच्या एका गेटमधून सात ठेकेदारांची माणसं आत जातात. प्रत्येकाच्या हजेरीपटावर चाळीस, पंचेचाळीस नावं. माझ्या ठेकेदाराकडे कधी सत्तेचाळीसच्या वर नाव गेलेलं मी पाहिलं नाही. कंपनी म्हणते तुम्ही ठेकेदाराचे, ठेकेदार म्हणतो माझ्याकडे पन्नास नाहीत. काम एकाच छपराखाली, एकाच पट्ट्यावर, माल एकाच ट्रकमध्ये, आणि मुलांच्या बाबतीत मात्र आम्ही सात वेगळ्या कंपन्यांचे. कामगार खात्याने कागद न बघता एक दिवस सकाळी साडेसहाला गेटवर उभं राहून माणसं मोजावीत, एवढं माझं म्हणणं आहे.

एकेका कारखान्याला झेपत नसेल तर त्याचीही वाट संहितेतच आहे. अनेक आस्थापनांनी मिळून सामायिक पाळणाघर चालवावं, किंवा सरकारच्या, पालिकेच्या, संस्थेच्या पाळणाघराची सोय घ्यावी, असं त्यात म्हटलंय. औद्योगिक वसाहतीइतकी याला सोयीची जागा कुठली? सगळे कारखाने हाकेच्या अंतरावर, पाळ्या सगळ्यांच्या जवळपास सारख्या. पहिल्या पाळीच्या अर्धा तास आधी उघडायचं आणि सुटल्यावर अर्ध्या तासाने बंद करायचं. ट्रकच्या पार्किंगला, अग्निशमन केंद्राला, बँकेच्या शाखेला वसाहतीत जागा मिळते. पाळणाघरालाही मिळेल. बांधकामाच्या साइटवर हे होऊ शकतं हे १९६९पासून 'मोबाइल क्रेशेस' या संस्थेने करून दाखवलंय, आणि मुंबईत, पुण्यात त्या धर्तीवर काम करणाऱ्या संस्था आजही आहेत. ऊनवाऱ्यात, सिमेंटच्या धुळीत जे जमतं ते पक्क्या इमारतींच्या वसाहतीत न जमायला काय झालं?

सरकारी पाळणाघरांचंही बघा. आता केंद्र सरकारच्या 'मिशन शक्ती'खालच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. कल्पना फारच चांगली. याआधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराकडून मुलामागे महिना २० रुपये घ्यायचे होते, आणि बारा हजारांपर्यंत कमाई असणाऱ्याकडून १००. अडीच हजार मोजणाऱ्या माणसाला हे आकडे वाचून काय वाटत असेल! पण त्या योजनेतलं पाळणाघर दिवसाला साडेसात तासांचं. माझी पाळीच साडेआठ तासांची, वर जाण्यायेण्याचा तास. योजना ठरवताना कोणीतरी कामगाराचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांडून बघायला हवा होता. 'पालना'तही सगळ्या आयांच्या मुलांसाठी, आई नोकरी करो वा न करो, असं धोरण आहे. त्यात बापाचा एक उल्लेख घालायला तिजोरीवर भार पडत नाही.

आणि हे सगळं अंगणवाडीच्या ताईंच्या मानधनात बसवू नका. आमच्या ताई दोननंतरही कधी कधी पोरीला थांबवून घेतात, समोर रजिस्टरं आणि मोबाइलमध्ये माहिती भरायची बाकी असताना. तो त्यांचा चांगुलपणा आहे. पाळणाघरासाठी वेगळी माणसं आणि त्यांना वेगळा पगार पाहिजे.

शेवटी माझ्यासारख्यांच्या कामाची एक माहिती. राज्याची 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना' फक्त विधवा बहिणींसाठी आहे असा आमच्यात सरसकट समज आहे. मलाही एका रेशन दुकानाच्या रांगेत कळलं की तसं नाही. आई गेली असेल आणि बाप सांभाळत असेल तरी मुलाला ती लागू होते, अठरा वर्षांपर्यंत, मुलामागे महिना २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, आधार, बँकेचं पासबुक हे आधी गोळा करून ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तो पहिला घ्या. मग घरी चौकशीला कोणीतरी येतं आणि बालकल्याण समिती आदेश काढते. चौकशीला आलेल्या माणसाने घरी बाईमाणूस नाही का असं विचारलं तर शांतपणे नाही म्हणा आणि स्वयंपाकघर दाखवा. माझा अर्ज गेलाय. मंजूर झाला तर मावशींचे पैसे जवळपास निघतील, तेवढ्यावर भागेल.

आपला,
एक कंत्राटी कामगार

(कृपया नाव आणि वसाहत छापू नये. आमचे ठेकेदार आपलंच दैनिक घेतात.)