टाके सुकले, पुढे कोण विचारणार?

महोदय,

गेल्या वर्षी दुर्बिणीतून माझे पित्ताशय काढले. दुसऱ्या दिवशी घरी सोडले, आठव्या दिवशी टाके पाहिले, की झाली फाईल बंद. डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती समाधानकारक’ असा शेरा होता आणि त्या दिवसापुरता तो खराही होता. रात्री दोन वाजता उठवून बसवणारी, बरगडीखालून पाठीत जाणारी ती कळ गेली. त्यासाठी मी सर्जनची आजही ऋणी आहे.

पण महिन्याभरात वेगळेच सुरू झाले. सकाळी चहा-पोहे पोटात गेले की पंधरा मिनिटांत संडासकडे धाव. एसटीने पुण्याला लेकीकडे जायचे तर आदल्या रात्रीपासून उपाशी. लग्नाला गेले की पंगतीत बसण्याआधी कार्यालयातली सोय कुठे आहे ते शोधायचे. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल. ‘वयाने होते’ हे ऐकण्यात सात महिने गेले. शेवटी एका फिजिशियनने साधेच विचारले, ‘‘खाल्ल्याखाल्ल्या जावे लागते का?’’ पित्त साठवणारी पिशवीच नसली की ते आतड्यात सतत झिरपत राहते, काहींच्या मोठ्या आतड्यात जास्तीचे पित्तक्षार उतरतात आणि जुलाब होतात, हे त्यांनी समजावले. पाण्यात कालवून घ्यायची कोलेस्टायरामिनची पावडर दिली. आठवड्यात फरक पडला.

असे प्रश्न केव्हाचेच कागदावर उतरलेले आहेत. जर्मनीतल्या अर्न्स्ट आयपाश आणि सहकाऱ्यांची पचनाच्या रुग्णांसाठीची प्रश्नावली १९९५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त आली. प्रश्न ३६, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण १४४. पोट दुखते का, शौचाची घाई होते का, हे तर त्यात आहेच. पण आवडीचे खाणे सोडावे लागले का, झोपमोड होते का, मन खिन्न असते का, हेही आहे. हे शेवटचे तर मला घरच्यांनीसुद्धा विचारले नव्हते.

नेदरलँड्समध्ये पित्ताशयात खडे आणि पोटदुखी असलेल्या हजारावर रुग्णांना वर्षभराने असेच विचारले गेले. बहुतेकांची शस्त्रक्रिया झालेली होती. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले उत्तर असे: नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांत ६० टक्के, तर कडक निकषांत बसले तरच शस्त्रक्रिया करायची असे ठरवलेल्या गटात ५६ टक्के लोकांचे पोट दुखायचे थांबले होते. बाकीच्यांचे दुखणे त्यांना विचारले म्हणून तरी कळले.

भारतात ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली ती १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमतन उडवाडिया यांच्या हातून. आज ती तालुक्याच्या गावी होते. मग तिथेच ऑपरेशनच्या आधी मराठीतली अशी एक प्रश्नावली भरून घ्यावी आणि सहाव्या आठवड्याला, सहाव्या महिन्याला फोन करून तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. आधीची नोंद नसेल तर नंतरची कशाशी ताडणार? एका नर्सताईंचे अर्ध्या तासाचे काम आहे.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे. माझ्या शेजारच्या कॉटवर माण तालुक्यातल्या एक मावशी होत्या, त्यांचेही हेच ऑपरेशन. कार्डावरचा शेरा त्यांना मीच वाचून दाखवला. दिवसभर खुरपणीला जाणारी बाई. रानात माझ्यासारखी घाई झाली तर ती कुणाला सांगणार?

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा