तो तंबू आठवतो का?

पुणे, रविवार रात्र

प्रिय पक्या,

हे फोनवर बोलता आलं नसतं. आमच्या खोलीत तिघं असतात आणि तुझा फोन घरात कायम स्पीकरवर. म्हणून पत्र. वाचून झालं की काकूंच्या हाती लागेल असं ठेवू नकोस.

पालच्या खंडोबाच्या जत्रेतला तो तंबू आठवतो? नववीत होतो आपण. पाळण्यांच्या मागे, जनरेटरच्या आवाजात. तेलाच्या बरणीत बुडवलेली घोरपड, कनातीला टांगलेले दोन फोटो, 'आधी' आणि 'नंतर'. त्या बाबाने आपल्या डोळ्यांखालचं कातडं खाली ओढून पाहिलं आणि म्हणाला, "शंभर थेंब रक्त आटतं तेव्हा वीर्याचा एक थेंब तयार होतो. तुम्ही तर सगळं घालवून बसलाय." अडीचशे अडीचशे रुपये घेतले. माझे गाइडचे होते. तुझे कुठले, ते तू अजून सांगितलेलं नाहीस. हाताला भंडारा लागलेला, त्यामुळे औषध कुठलं आणि भंडारा कुठला तेही कळेना. चव हरभऱ्याच्या पिठाची.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या कॉलेजात गेल्या आठवड्यात झालेला राडा. वादविवाद मंडळाने फलकावर विषय लावला, 'लैंगिक शिक्षण हवे की नको'. दुसऱ्या दिवशी तिथे वेगळाच कागद: 'युवकांचे आरोग्य'. कुणी बदलला ते कुणी सांगेना. हॉल मात्र खच्चून भरला. आरोग्यासाठी एवढी पोरं मी आजवर जमलेली पाहिली नव्हती.

वाद तोच, ठरलेला. एकजण म्हणाला, ही पाश्चात्त्यांची थेरं, शिकवलं की पोरं करून बघणार. समोरची मुलगी खजुराहो आणि वात्स्यायन घेऊन उभी राहिली. (हे दोन नसते तर आपल्या बाजूच्या वक्त्यांचं कसं झालं असतं देव जाणे.) कुणीतरी २००७ काढलं. विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारने शाळांतला कार्यक्रमच थांबवला होता, ते. आपण तेव्हा अंगणवाडीत खिचडी खात होतो. पुढे दहावीत प्रजननाचा धडा आला तेव्हा सर काय म्हणाले होते? "हा घरी वाचून या."

मग शेवटच्या बाकावरून गणिताचा एक मुलगा उठला. पाश्चात्त्य म्हणताय, तर रघुनाथ धोंडो कर्वे कुठले, म्हणाला. महर्षी कर्व्यांचा मुलगा, विल्सन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक, या कामापायी नोकरी गेली. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मारी स्टोप्सबाईंनी काढलं तेही त्याच वर्षी. १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यात वाचक प्रश्न पाठवायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, सगळ्यावर. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. हॉल गप्प. मीही. पुण्यात तीन वर्षं राहून मला 'कर्वे' म्हणजे फक्त रस्ता माहीत.

पण खरी गंमत पुढे. एका सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. त्यांनी बुटाचं रिकामं खोकं फिरवलं. नाव न घालता चिठ्ठी टाका. आधी कुणी हात लावेना. मग खोकं दुसऱ्यांदा फिरवावं लागलं. मॅडम एकेक चिठ्ठी बातम्या वाचाव्यात तशी वाचत होत्या. "पहिल्या रात्री रक्त आलं नाही तर तो काय समजेल?" "पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का?" एकीत लिहिलं होतं, "मला मुलीबद्दल काहीच वाटत नाही, मुलांबद्दल वाटतं. यावर औषध आहे का?" कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडमनी चष्मा काढला, हसू थांबेपर्यंत बघत राहिल्या. म्हणाल्या, आजारच नाही तर औषध कशाला? आणि २०१८ पासून सज्ञान माणसांच्या संमतीने असलेलं हे नातं गुन्हाही नाही. ती चिठ्ठी त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवली. बाकीच्या टेबलावरच होत्या. मघाशी तावातावाने भांडलेल्यांपैकी एकालाही यातल्या एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं, दोन्ही बाजूंच्या.

आणि मग आली, "धातू गेल्याने अशक्तपणा येतो का?" अख्खा हॉल हसला. मीही हसलो, जरा जास्तच. पक्या, ती चिठ्ठी माझी होती. वीस वर्षांचा घोडा झालो तरी पोटात तो बाबा बसलेलाच होता. मॅडम म्हणाल्या, वीर्य रक्तापासून बनत नाही, झोपेत जाणं या वयात अगदी नेहमीचं. अशक्तपणा येतो तो भीतीने. मनोविकारतज्ज्ञांनी याला १९६० सालीच 'धात सिंड्रोम' नाव दिलंय. डॉ. विग म्हणून होते, त्यांनी. म्हणजे आपल्या आजाराला नाव होतं रे, फक्त आपण समजत होतो तो आजार तो नव्हता!

तुझा धाकटा यंदा नववीत ना? पौषात जत्रेला मी येतोय. तंबू असणारच तिथे. त्याला उसाचा रस पाजू आणि तिथेच सांगून टाकू. सुरुवात तू कर, अडलास तर मी बोलेन. नाहीतर उलट. आणि येताना ते अडीचशे कुठून आणले होतेस ते ठरवून ये.

तुझा,
बाळ्या