४८ तासांत बसचा वेळ कुठे?

महोदय,
सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची मर्यादा दिवसाला ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम, असेही सांगितले. कागदावर हिशेब जुळतो. आमचे यजमान बुटीबोरी एमआयडीसीत, राहायला आम्ही मानेवाड्याला. कंपनीच्या बसची वाट पाहणे, वर्धा रोडची गर्दी, हे तास कोण मोजतो? आताच ओव्हरटाइमच्या दिवशी ते येतात तेव्हा पोरगा झोपलेला असतो. शाळेची डायरी सहीचे पान उघडून टीव्हीपुढे ठेवलेली. सही होते, बोलणे राहून जाते. मे महिन्यात तर शेडमधून आलेला माणूस कूलरपुढे बसला की जेवायलाही उठत नाही.

ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे आणि तो पैसा आम्हाला लागतो, हेही खरेच. वाढीव तासांसाठी कामगाराची लेखी संमती घेणार म्हणे! कंत्राटी माणूस सुपरवायझरच्या तोंडावर ‘नाही’ म्हणेल काय? ही संमती कामगार कार्यालयाने कंपनीच्या गेटबाहेर घ्यावी.

– एक गृहिणी, मानेवाडा, नागपूर