शेवंड रबर झाली तेव्हा दोन मजले उतरून आलेल्या काकूंना

काकू, तुम्ही असलं काही वाचत नाही माहितीये, तुमचा फोन फक्त गावाकडं बोलायला. तरी लिहितोय, कारण तोंडावर आभार मानायला आलो की तुम्ही "गप रे" म्हणून दार लावता.

हिला टायफॉइड झाल्यापासून तीन आठवडे तोंडाला चवच नव्हती. भाकरी नको, खिचडी बघितली की तोंड फिरवायची. एकच धोशा, शेवंड, म्हणजे ते समुद्रातलं लॉब्स्टर, खावीशी वाटते. मालवणची पोरगी सोलापुरात दिली की असले हट्ट येणारच. आपल्याकडं मासा म्हणजे उजनीचा, शेवंड कुठली आणायची? शेवटी मेहुण्यानं मुंबईतनं सहा फ्रोझन शेपट्या थर्माकोलच्या बॉक्समधी बर्फात घालून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं एका ओळखीच्यासोबत पाठवल्या, रविवारी सकाळी मी स्टेशनवर जाऊन घेतल्या. किंमत सांगत नाही, हिला कळली तर परत ताप चढेल.

आता करायच्या कशा? हिला फक्त खायचं माहिती, करायची तिची आई. ग्रुपवर विचारलं तर एकानं टाकलं, "शेवंड नाही, शेंगा भेटतील," त्यावर सगळे हसायचे इमोजी. मग एका हॉटेलवाल्याकडं गेलो, स्वतःला सीफूडचा मास्टर म्हणवतो, बोर्डावर भलीमोठी शेवंड काढलीये नांग्यांसकट. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला तसल्या नांग्या नसतातच हे मला नंतर तुमच्याकडनं कळलं. तो मोबाईलमधनं मान वर न करता म्हणला, गरम पाण्यात टाका, बर्फ सुटतो, मग अर्धा तास उकळा. केलं तसं. बाहेरनं लगदा, आत बर्फ, आणि उकळल्यावर निव्वळ स्कूटरचा टायर. दोन शेपट्या वाया गेल्या. हिनं एक घास बराच वेळ चघळला, "बरं झालंय की" म्हणली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. त्या रात्री मला काय वाटलं ते लिहीत बसत नाही.

सोमवारी सकाळी जिन्यात तुम्ही भेटला. सगळं ऐकलं आणि हसला नाहीत, हेच पहिलं. म्हणला, उरलेल्या फ्रीजरमधनं काढून खाली फ्रीजात ठेव, गरम पाणी दाखवू नको, संध्याकाळी मी येतंय.

आणि आठ वाजता खरंच आला, गुडघा दुखत असताना कठडा धरून दोन मजले उतरून, हातात कात्री सोलापुरी नॅपकिनात गुंडाळलेली. त्याच नॅपकिनात शेपटी धरली, काटे टोचतात म्हणून. पाठीवरचं कवच टोकापर्यंत कापत नेलं, काळी शीर ओढून काढली, दुसरी शेपटी माझ्या हातात दिली. माझा हात थरथरत होता तर म्हणला, "घाबरतंस कित्याक रे?" मी काळ्या मसाल्याचा डबा पुढं केला, तुम्ही न बोलता मागं सरकवला. लसूण, लोणी, लिंबू, बास. तव्यावर ती काळपट हिरवी कवचं बघता बघता लालभडक झाली, मी बघतच राहिलो. तो लाल रंग म्हणे आधीपासनं कवचातच असतोय, प्रोटीननं धरून ठेवलेला, आच लागली की सुटतोय. आतलं मांस पांढरं झाल्या झाल्या तुम्ही गॅस बंद केला. सहा-सात मिनिटं झाली असतील जेमतेम, अन मी अर्धा तास उकळलं होतं!

पण मला खरं सांगायचंय ते यापुढचं. मी चमच्यात थोडं लोणी-रस्सा घेऊन तुमच्यापुढं धरला, मीठ बघा म्हणलं. तुम्ही हात मागं घेतला आणि हळूच म्हणला, "आज सोमार माजो, मीठ तूच बघ."

म्हणजे दिवसभर उपवास. तासभर हात त्यात घातले, वास घेतला, शिरा काढल्या आणि शब्द नाही. सकाळी जिन्यात सहज म्हणता आलं असतं, उद्या करू. घरी जाऊन रात्री डोक्यावरनं अंघोळ केलीत, हे मला दुसऱ्या दिवशी काकांकडनं कळलं. शेजारधर्म शेजारधर्म म्हणतात तो गणपतीची वर्गणी मागायला येतो तेवढाच बघितला होता. ज्याचा धंदाच तो त्याला मान वर करायला होईना, आणि जिचा दिवस पाळायचा ती स्वयंपाकघरात उभी. अशी माणसं अजून आहेत ओ, आपण दार वाजवत नाही एवढंच.

हिनं त्या रात्री दीड शेपटी खाल्ली. बोटं चाटली, मला ओरडली पण, लिंबू जास्त पिळलं म्हणून. तीन आठवड्यांनी ओरडली!

एक शेपटी तुमच्यासाठी ठेवली होती, मंगळवारी डबा वर दिला. रिकामा डबा परत कसा द्यायचा म्हणून तुम्ही त्यात सोलकढी भरून पाठवली, ती हिनं उभ्या उभ्या संपवली.

कात्री अजून आमच्याकडंच आहे. देतो म्हणून दोनदा वर आलो, दोन्ही वेळेस तुम्ही चहा पाजला आणि कात्री परत माझ्याच खिशात घरी आली.